मामा तलावाच्या काठावर, उजाडायच्या आधी

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर हिवाळ्यात फोटो काढायचे तर मुख्य काम आदल्या दिवशी दुपारी होतं. कॅमेरा लागतो तो दुसऱ्या दिवशी, तोही जेमतेम दीड तास. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेले. हे तलाव कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या बांधत आणले. उताराच्या खालच्या अंगाला मातीची लांब पाळ, पाळीखाली धानाची बांधी, वरच्या अंगाला पाणी आणणारं जंगल. याच रचनेचं छोटं रूप म्हणजे बोडी. फोटोच्या दृष्टीने ही रचना फार सोयीची आहे, कारण एका बाजूला उंच काळपट झाडी, दुसऱ्या बाजूला उघडा काठ आणि मध्ये उथळ, कमळ-शिंगाड्याचं पाणी मिळतं.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आतले तलाव सुंदर आहेत, पण तिथे गाडीतून उतरता येत नाही आणि फाटक उघडून पाण्यापर्यंत पोचेस्तोवर पहाटेचा चांगला भाग संपलेला असतो. म्हणून आम्ही प्रकल्पाबाहेरचे, गावाच्या हद्दीतले, एका अंगाला जंगल असलेले तलाव निवडतो. तिथेही न विचारता जायचं नाही. मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी ढीवरांच्या सहकारी संस्थेकडे असतो. जाळी कुठे लावलीत, डोंगा किती वाजता पाण्यात उतरणार, हे त्यांच्याकडूनच कळतं. डोंगा ज्या कोपऱ्यातून निघतो त्या कोपऱ्यात बसलात तर सकाळ वाया गेलीच म्हणून समजा. रात्री अस्वल, बिबट्या, वाघ यांची ये-जा असेल तर तेही गावातच आधी कळतं, आणि वनरक्षकाच्या कानावर घातलेलं बरं. मोहफुलं पडायच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलात, पहाटे जंगलाच्या काठाने चालूच नये. अस्वलं त्याच वेळी त्याच फुलांसाठी येतात.

बसायची जागा

जागा ठरवताना सूर्य नेमका कुठून वर येणार ते आधी बघायचं. आपल्याकडे, साधारण साडेएकवीस अंश अक्षांशावर, डिसेंबरच्या शेवटी सूर्य पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेला उगवतो. 'पूर्व इकडे' असं धरून बसणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. होकायंत्रावर ११५ अंशांची दिशा धरून उभं राहिलं की सूर्य कोणत्या झाडामागून येणार ते कळतं.

झाडांची उंचीही मोजावी लागते. समजा जंगल पूर्वेला आहे आणि झाडी १५ मीटर उंच आहे. झाडांपासून १०० मीटरवरच्या पाण्याला ऊन मिळायला सूर्य साडेआठ अंश वर यावा लागतो. हिवाळ्यात तो तासाला साडेबारा अंशांच्या आसपास चढतो, म्हणजे तिथे ऊन पोचतं सूर्योदयानंतर पाऊण तासाने. २०० मीटरवर तेच ऊन २५ मिनिटांत येतं. वेळापत्रकात दिलेला सूर्योदय आणि तुमच्या पाण्यावरचा सूर्योदय यांत हा फरक असतो. गोंदियाला सूर्योदय नोव्हेंबरच्या मध्यात सव्वासहानंतर, तर जानेवारीच्या मध्यात पावणेसातनंतर होतो. आपल्या जागेचं ऊन कधी, ते त्यावरून प्रत्येकाने काढायचं.

हा फरक अडचण वाटतो, पण सगळ्यात चांगले फोटो त्यातूनच येतात. समोरच्या काठावरची झाडं उन्हात न्हालेली, आणि आपल्या पुढ्यातलं पाणी अजून सावलीत: अशा वेळी सावलीतल्या पाण्यात त्या काठाचं प्रतिबिंब पडतं आणि पाणी सोन्यासारखं पिवळं-केशरी दिसतं. पाण्यावर थेट ऊन आलं की हा रंग फिका पडतो, कारण मग पाण्यातला गाळ आणि तळ उजळतो. म्हणून आम्ही जंगलाच्या बाजूला, पण पाळ जिथे जंगलाला मिळते त्या टोकाशी बसतो. पाठीशी उघडी पाळ राहते, निघून यायला वाट राहते आणि समोर पश्चिमेचा काठ येतो. उलट बाजूला, पाळीवर पूर्वेकडे तोंड करून बसलं तर मागून उजळलेलं धुकं मिळतं. दोन्ही एकाच सकाळी करायचा मोह टाळावा. पाळीवरून चालत गेलं की सगळा तलाव उठतो.

आता उंची. पाळ पाण्यापासून तीन-चार मीटर वर असते आणि बहुतेक लोक तिथेच तिपाई लावतात. २० मीटरवर टिबुकली (बुडी मारणारा छोटा पाणपक्षी) आहे, तिचा डोळा पाण्याच्या १५ सेंटिमीटर वर आहे असं धरा. लेन्स चार मीटरवर असेल तर पक्ष्यामागे जे पाणी दिसतं ते त्याच्या पाठीमागे मीटरभरही नसतं. ते पाणी, त्यातली पानं, काड्या, सगळं स्पष्ट येतं. लेन्स दीड मीटरवर आणली तर मागचं पाणी सव्वादोन मीटर लांब जातं. ३० सेंटिमीटरवर आणली तर २० मीटर लांब. आणि लेन्स डोळ्याइतकी, १५ सेंटिमीटरवर आली की मागे थेट पलीकडचा काठच. पार्श्वभूमी धूसर करायला महागडी एफ/४ लेन्सच हवी असं नाही (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं), एफ/६.३ ची झूम घेऊन चिखलात पोटावर आडवं व्हायची तयारी पुरते.

सामान

पक्ष्यांसाठी ४०० ते ६०० मिमीची लेन्स, धुक्याच्या विस्तृत दृश्यासाठी २४-७० किंवा ७०-२०० मिमी, टाचण्यांसाठी (चतुरासारखे बारीक, नाजूक कीटक) ९० ते १०५ मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स. एका सकाळी यातल्या दोनच न्याव्यात.

जमिनीवर झोपून फोटो काढायला तिपाई निरुपयोगी, बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची भरलेली पिशवी लागते. ती रिकामी न्यायची आणि गावात दोन किलो धान घेऊन पाऊणच भरायची. गच्च भरली की लेन्स वरून घसरते. आत प्लास्टिकची पिशवी हवी, नाहीतर दवाने धान भिजून फुगतं. चिखल पातळ असेल तर कडा असलेल्या जुन्या तव्याच्या मधोमध भोक पाडून बॉलहेड (तिपाईचं सगळीकडे फिरणारं डोकं) बसवायचा. तवा चिखलावर रुतत नाही, सरकवता येतो. अंगाखाली ताडपत्री, तिच्याखाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा. तणस गावात मागितली तर मिळते, आणि तिने ओल आणि गारवा दोन्ही अडतात.

तिपाई पाण्यात उभी करायची असेल तर पायांचा सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढायचा, वरचे भाग नंतर. म्हणजे सांध्यांचे लॉक पाण्याच्या वर राहतात. एकदा लॉकमध्ये बारीक माती गेली की पाय उघडून धुतल्याशिवाय सुटका नाही. गाळात पाय आधी दाबून बसवायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. सुरुवातीला ते हळूहळू खचत राहतात, आणि चार सेकंदांच्या एक्स्पोजरला तेवढं खचणं पुरेसं असतं.

याशिवाय लाल उजेडाची हेडटॉर्च, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे, मळक्या रंगाची जाळी. जाळीने डोकं आणि हात झाकले तरी पुरतं. पक्ष्यांना कपड्यांचा रंग तितका खटकत नाही, हालचाल आणि माणसाची उभी आकृती खटकते.

अंधारातली वाट

सूर्योदयाच्या तासभर आधी जागेवर आडवं झालेलं असावं. अंधारात शेतातून आडवाट धरू नये, ही सूचना आम्ही नवीन माणसाला दोनदा सांगतो. हरभरा, लाखोळीच्या रब्बी पिकाभोवती रानडुकरांसाठी काही जण बेकायदा वीजप्रवाहाच्या तारा लावतात. त्या अंधारात दिसत नाहीत आणि त्यांनी माणसं मेली आहेत. रस्ता आणि पाळ, एवढ्याच वाटेने जायचं, आणि एकट्याने नाही. पाळीवरच्या गवतात घोणस असू शकते, पाय आपटत चालावं. थंडीत ती सुस्त असते, हलत नाही, म्हणूनच पाय तिच्यावर पडतो.

धुकं येणार की नाही ते रात्रीच कळतं. आकाश निरभ्र, वारा जवळजवळ बंद, दिवस उबदार आणि रात्र झपाट्याने गार: असं असेल तर पाणी हवेपेक्षा उबदार राहतं आणि पहाटे त्यातून वाफ उठते. ढग आले तर जमिनीची उष्णता अडकते, हवा पुरेशी गार होत नाही आणि पाण्यावर धुकं येत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत ही शक्यता जास्त. रात्री बाराला चांदण्या स्वच्छ दिसत असतील तर गजर बंद करू नका.

पहिला उजेड

सूर्योदयाच्या २५ मिनिटं आधीपासून आकाश निळं व्हायला लागतं. त्याआधी कान कामाला येतात. अडई बदकं रात्रभर धानाच्या बांधीत चरून या वेळी शीळ घालत तलावावर परततात. थवा उतरताना त्यांना गोठवायला उजेड नसतो, तेव्हा शटर १/१५ ते १/३० सेकंदावर ठेवून कॅमेरा थव्याबरोबर फिरवावा. दहातले नऊ फोटो फुकट जातात. उरलेल्या एकात पंखांच्या रेषा आणि एखादं डोकं स्थिर मिळालं तर तो ठेवण्यासारखा असतो.

दृश्यासाठी याच वेळी तिपाई, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ते २००, एफ/८. एक्स्पोजर किती लांब ठेवायचं ते धुक्यावर ठरतं. दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं की धुक्याचे पदर मिसळून नुसता पांढरा पट्टा होतो. पदर हवे असतील तर आयएसओ ८०० पर्यंत चढवून १/१५ ते १/२ मध्ये राहावं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला की कॅमेरा निळेपणा 'दुरुस्त' करतो. ५००० केल्विनच्या आसपास तो कायम ठेवा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा.

धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. पांढऱ्या धुक्याला तो राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर अधिक २/३ ते अधिक १ स्टॉप द्यायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याचा आलेख, मधोमध गोळा झालेला दिसतो. तो उजवीकडे सरकवायचा, पण कडेला टेकवायचा नाही. सूर्याची थाळी चौकटीत आली तर लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे लाल रंगाचा तपशील जातो, त्यामुळे फक्त पांढरा हिस्टोग्राम बघून भागत नाही. आणि लांब लेन्स लावलेल्या डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीही बघायचं नाही.

प्रतिबिंबाबद्दल दोन गोष्टी. कॅमेऱ्याची पातळी काठाच्या रेषेवरून ठरवू नये. काठ आपल्यापासून तिरपा लांब जात असेल तर पातळी बरोबर असूनही तो कललेला दिसतो. झाडाचा शेंडा आणि पाण्यातला त्याचा शेंडा एका उभ्या रेषेत आले की कॅमेरा सरळ. दुसरं, प्रतिबिंबाचं फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं, झाड जितकं लांब तितक्यावर असतं. जवळच्या कमळपानावर फोकस केलं की झाडाचं प्रतिबिंब धूसर येतं, ही लेन्सची खोट नव्हे. दोन्ही हवेत तर एफ/११ ते एफ/१६, किंवा दोन फोटो जोडायचे. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, घरी ठेवला तरी चालेल. पाण्याची चमक तो सर्वात जास्त कापतो ती पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात. आपण पाण्याला जवळजवळ समांतर बघत असतो, आणि दीड-दोन स्टॉप उजेड मात्र जातो.

लेन्सवरचं दव

फोटो अचानक दुधाळ यायला लागले तर धुक्याला दोष देण्याआधी लेन्सची पुढची काच बघा. घरातून बाहेर आणलेली उबदार लेन्स लगेच ओली होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने, निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडून ती हवेपेक्षाही गार झाली की दव धरते. पुसून उपयोग नाही, पाच मिनिटांत पुन्हा धरते आणि पुसल्याचे पट्टे राहतात ते वेगळेच. लांब हूड लावल्याने काचेला आकाश कमी दिसतं आणि दव उशिरा येतं. हूडच्या मागे, काचेच्या कडेला, रबरबँडने हँड वॉर्मरची पुडी बांधली की प्रश्न जवळपास मिटतो. परत निघताना उलटं संकट: गार कॅमेरा उबदार गाडीत उघडा ठेवला की आतपर्यंत वाफ धरते. बॅगेची चेन तलावावरच लावायची आणि पाऊण तास उघडायची नाही. कार्ड हवं असेल तर ते आधीच काढून घ्या.

पक्षी

उजेड १/२५० ला पुरेल इतका झाला की पक्ष्यांकडे वळायचं. मॅन्युअल मोड, ॲपर्चर पूर्ण उघडं, ऑटो आयएसओ, वरची मर्यादा ६४००. नुसत्या पोहणाऱ्या टिबुकलीला १/२५० पुरतं. कमळपक्षी पानावरून चालताना डोकं झटक्याने पुढे नेतो, त्याला १/८०० लागतं. जांभळी पाणकोंबडी कमळाचा देठ पायात धरून खाते. तो क्षण मिळाला तर १/५०० चालेल, पण तिचा जांभळा रंग सावलीतच खुलतो, उन्हात चकाकून जातो. उडणाऱ्या बदकांना १/२०००, आणि कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत सूर मारायच्या बेतात असतो तेव्हा १/३२००.

पांढरा बगळा काळ्या पाण्यावर असेल तर उणे १ ते उणे १ २/३. त्याच चौकटीत धुक्यातून पाणकावळा आला तर अधिक १. डायल फिरवायला वेळ मिळत नाही, म्हणून बगळ्याच्या पांढऱ्या पाठीवर एकदा एक्स्पोजर ठरवून आयएसओसुद्धा मॅन्युअल करणं हा जास्त खात्रीचा मार्ग. उजेड वाढतोय, त्यामुळे दर पाच मिनिटांनी ते पुन्हा बघावं लागतं.

धुक्यात ऑटोफोकस चाचपडतो, कारण त्याला पकडायला कडा मिळत नाही. लेन्सवरचा लिमिटर (फोकसचा पल्ला मर्यादित करणारं बटण) लांबच्या टप्प्यावर टाका, म्हणजे ती जवळच्या गवताकडे धावणार नाही. डोळा ओळखणारं फोकस धुक्यात लव्हाळ्याच्या काडीलाच पक्षी समजतं. अशा वेळी एकच छोटा बिंदू, आणि तो पक्ष्याच्या चोच-मान या कडेवर. एवढं करूनही लांबचे फोटो मऊ येत असतील तर कारण हवेत आहे. उबदार पाण्यावर गार हवा थरथरते आणि ५० मीटरपलीकडचा पक्षी कोणत्याही शटरने धारदार येत नाही. जवळ येईल त्याचाच फोटो काढायचा.

तो जवळ यावा म्हणून सरकत जायचं नाही. पडून राहिलं की टिबुकली स्वतःच दहा मीटरवर येते. ती बुडी मारते तेव्हा आपण हलायचं, हात बदलायचा, खोकायचं. वर आली की स्तब्ध. पक्ष्याने मान ताठ केली, खाणं थांबवलं, की आपण जास्त जवळ आहोत. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवणं आम्हाला मान्य नाही, आणि पावसाळ्यात कमळपानांवर कमळपक्ष्याची अंडी असतात तेव्हा त्या कोपऱ्यात बसणंही नाही. नर अंड्यांवरून उठला की ती उघडी पडतात.

ऊन आल्यावर

पाण्यावर ऊन पोचलं की पंधरा-वीस मिनिटांत धुकं विरतं, पाठोपाठ वाऱ्याची पहिली झुळूक येते आणि प्रतिबिंब मोडतं. तेव्हा लांब लेन्स बॅगेत टाकायची आणि सावलीतल्या कडेच्या गवतात टाचण्या शोधायच्या. अंग गरम झाल्याशिवाय त्यांना उडता येत नाही, त्यामुळे अंगभर दव घेऊन त्या काडीला चिकटून असतात. ऊन लागल्यावर मात्र दहा मिनिटंही मिळत नाहीत, म्हणून उन्हापासून लांबच्या टोकाला सुरुवात करावी. सेन्सर तिच्या शरीराला समांतर, एफ/८, आणि फोकस थोडं थोडं पुढे नेत आठ ते पंधरा फोटो, जे नंतर जोडता येतात. काडी हलत असेल तर जोडणी जमत नाही. काडीला दुसऱ्या काडीचा आधार द्यावा, काडी तोडू नये. फवाऱ्याने पाणी मारून केलेलं 'दव' लगेच ओळखू येतं: थेंब मोठे, विरळ आणि एकाच बाजूला असतात. खरं दव बारीक, सगळीकडे सारखं.

घरी आल्यावर संगणकात धुकं काढणारी पट्टी असते, तिला हात लावायचा नाही. तेच तर काढायला गेलो होतो. थोडा कॉन्ट्रास्ट आणि काळ्या भागांना किंचित खोली, एवढं पुरतं.

फोटो कुठे टाकायच्या आधी त्यातली जीपीएसची नोंद पुसावी. सारस दिसला असेल तर हे सक्तीचं. महाराष्ट्रात सारस आता जवळपास गोंदिया जिल्ह्यापुरतेच उरलेत, आणि जागा कळली की आठवडाभरात तिथे गाड्यांची रांग लागते. गावाचंही नाव नको, 'गोंदिया जिल्हा' एवढं पुरे.

गमबूट आणि तिपाईचे पाय त्याच तलावावर धुवून, घरी उन्हात पूर्ण वाळवायचे. जलपर्णीचा चिकटून आलेला तुकडा पुढच्या बोडीत पडला की तिथेही ती पसरते. धान बीनबॅगेतून काढून पसरून ठेवा, ओलं राहिलं तर दोन दिवसांत वास मारतं.